मोटारीच्या टायरमधील नायट्रोजन : उपयुक्तता व मर्यादा

मोटारीच्या टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरणे अधिक सुरक्षित, असा समज रूढ आहे. वस्तुतः हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन व २१ टक्के ऑक्सिजन असतो. ऑक्सिजन रबरातून तुलनेने लवकर झिरपतो. त्यामुळे नायट्रोजनचा दाब अधिक टिकतो, हे खरे. तथापि हा लाभ अल्प आहे. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने ३१ प्रकारच्या टायरांची वर्षभर चाचणी घेतली असता दर चौरस इंचामागील दाब हवेच्या टायरांत सरासरी ३.५ पौंडांनी, तर नायट्रोजनच्या टायरांत २.२ पौंडांनी घटला.

विमानाच्या चाकांत ब्रेकच्या तीव्र उष्णतेमुळे ऑक्सिजन घातक ठरू शकतो. म्हणून तेथे नायट्रोजन आवश्यक असतो. मोटारीत तशी स्थिती सहसा उद्भवत नाही. उष्णतेने वाढणारा दाबही दोन्हींत जवळजवळ सारखाच असतो.

कमी दाबाचा टायर वेगात अधिक दुमडतो, तापतो व फुटतो. नायट्रोजनही झिरपतोच, त्याच्या भरवशावर तपासणी टाळणे हाच खरा धोका होय. सारांश, नायट्रोजन अपायकारक नाही. परंतु त्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा टायर थंड असताना दरमहा दाब तपासणे अधिक हितावह ठरते.