बेंबीजवळचा पहिला छेद

‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे, की त्यातली सुई कुणाला आठवत नाही. दुर्बीण आत जाण्याआधी पोटात वायू भरावा लागतो आणि त्यासाठीचा पहिला शिरकाव बहुधा न पाहताच होतो. आतडे किंवा मोठी रक्तवाहिनी दुखावण्याचे प्रकार हजारात एखादे. पण त्यांतले निम्मे तरी याच पायरीवर घडतात.

बेंबीच का? तिथे पोटाची भिंत सर्वांत पातळ असते. निसर्गाचा खोडसाळपणा असा, की महारोहिणी दुभंगते तीही साधारण तिच्याच मागे, कण्यापुढे. किडकिडीत बाईत हे अंतर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर.

या कामाची सुई मुळात पोटासाठी नव्हतीच. १९३०च्या दशकात हंगेरीच्या यानोश व्हेरेस यांनी ती क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी केली. धारदार नळीत स्प्रिंगवर बसवलेली बोथट दांडी. पोकळी लागताच दांडी पुढे येते, धार झाकली जाते. मात्र भिंतीला आतून आतडे चिकटले असेल तर पोकळीच नसते, आणि स्प्रिंगला ते कळत नाही.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९७२पासून दुर्बीण वापरली, १९९०मध्ये तिने पित्ताशय काढले. त्याआधीच, १९७१मध्ये, शिकागोचे हॅसन यांनी छोटा छेद घेऊन, थर डोळ्यांनी पाहत आत जाण्याची रीत मांडली होती. मग वाद संपायला हवा होता. संपला नाही. २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात सत्तावन्न चाचण्या तपासल्या गेल्या, तरी मोठ्या इजांबाबत कोणती रीत सरस हे ठरले नाही. हजारात एकदा घडणारी गोष्ट मोजायला काही हजार रुग्ण पुरतच नाहीत.

वायूचेही तसेच. कार्बन डायऑक्साइड रक्तात चटकन विरघळून फुप्फुसांवाटे निघून जातो. हवेतला नायट्रोजन तसा विरघळत नाही, त्याचा बुडबुडा हृदयात अडकू शकतो. तरीही नोव्हेंबर २०१४मध्ये ओडिशाच्या अंगुल जिल्ह्यातल्या नसबंदी शिबिरात बायकांच्या पोटात सायकलच्या पंपाने हवा भरल्याचे उघड झाले. इथे वाद सुईचा नव्हता, घाईचा होता.

पोटावर जुना व्रण असेल तर तो डॉक्टरांना आधीच दाखवावा. अशा वेळी बेंबी सोडून डाव्या बरगड्यांखाली सुमारे तीन सेंटिमीटरवर सुई घालता येते. पॅरिसच्या राऊल पामर यांच्या नावाने ती जागा ओळखली जाते.