भोपाळच्या उन्हात टिकणारा गुलाब

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने स्मरणिकेत बाजारभाव, वखार अथवा साठ्याचे नियम यांवर लिहावे, अशी सभासद बंधूंची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. तथापि यंदा आम्ही गुलाबावर लिहीत आहोत, आणि त्याचे कारणही व्यापाऱ्याचेच आहे. या सौद्यात आपली पुष्कळ कुटुंबे दरसाल खोट खातात.

ही खोट जानेवारीत सुरू होते. लिंक रोड क्रमांक एकवरील शासकीय गुलाब उद्यानात त्या महिन्यात मध्यप्रदेश रोझ सोसायटीचे प्रदर्शन भरते. तेव्हाची भोपाळची हवा अशी असते की, कोणतेही कलम प्रसन्नपणे फुलावे. तळहाताएवढी फुले पाहून मंडळी हरखतात आणि कोठून तरी चार-सहा कुंड्या घरी आणतात. आम्हीही एका वर्षी सहा कलमे विकत आणली व गच्चीवर पश्चिमेच्या भिंतीलगत ओळीने मांडली. फाल्गुनापर्यंत त्यांनी घराची शोभा वाढविली. नवतपा संपला तेव्हा चार वाळून गेली होती. पाचव्याचे वरचे कलम मरून खालचा जंगली खुंट तेवढा फुटला होता. सहावे मात्र हिरवे होते. ते लहान गुलाबी फुलांचे देशी झाड विकणाऱ्याने जवळजवळ फुकटच दिले होते!

याची कारणे पुढे कळली. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते व रात्रीही ऊब सोडीत राहते. कुंडीतील माती तापून मुळे भाजतात. शिवाय बाजारातील बहुतेक गुलाब दुसऱ्या खुंटावर डोळा भरून केलेले असतात. वरचा भाग जळाला की जात गेली. देशी गुलाब काडीपासून स्वतःच्याच मुळावर वाढतो, म्हणून तो वरून वाळला तरी बुडातून पुन्हा तोच गुलाब फुटतो.

पैशांची खोट मात्र लहान. त्या उन्हाळ्यात मरणाऱ्या कलमांना वाचविण्यासाठी आम्ही फवारणीचा पंप आणला होता. कोरड्या उष्ण हवेत पानांखाली लाल कोळी होतो, थंडीत कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो, आणि दुकानदार दर खेपेस नवी बाटली देतो. एके सकाळी आमच्या सौ.ने पंप पाहून म्हटले, “अहो, पाणी गाळून पिणारे आपण. देवाला वाहायच्या फुलापायी एवढे जीव मारायचे असतील, तर तुमचे फूल नको. केशरी अक्षता वाहू.” आम्हांस उत्तर सुचले नाही. शास्त्राने गृहस्थासाठी आरंभी, उद्योगी, विरोधी व संकल्पी असे हिंसेचे चार भेद सांगितले आहेत. माती खणण्यातील हिंसा आरंभी म्हणावी. परंतु शोभेसाठी आणलेल्या झाडावरील त्रस जीवांना जाणूनबुजून विष घालणे कोणत्या खात्यात जमा धरावे? पंप त्याच दिवशी बंद झाला.

वाट आम्हांस आपल्याच धंद्यातील एका नावाने दाखविली. डॉ. बेंजामिन पिअरी पाल हे गव्हाचे संशोधक. १९६५ साली ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. तांबेऱ्याच्या तिन्ही प्रकारांना दाद न देणारा ‘एन. पी. ८०९’ हा गहू १९५४ साली त्यांच्याच खटपटीतून आला. रोगाशी झुंजण्यापेक्षा रोग न लागणारे वाण शोधावे, ही त्यांची रीत. हेच पाल गुलाबाचेही मोठे नादी होते! त्यांचा ‘रोझ शरबत’ हा गुलाब १९६२ सालचा. त्यात ‘ग्रूस आन टेप्लिट्झ’ या १८९७ सालच्या सुवासिक लाल गुलाबाचे रक्त आहे. शरबती गव्हाच्या मुलखात राहणाऱ्यांना हे नाव विसरणे कठीण. पुढे कोडाईकनालचे वीरू वीरराघवन यांनी उष्ण प्रदेशासाठी गुलाब घडविताना आपल्याच देशातील, ऊन व ओल दोन्ही सोसणारा रानगुलाब, रोझा क्लिनोफायला, हाताशी घेतला.

तेव्हा गुलाब निवडताना प्रदर्शनातील फूल पाहू नये. त्याच झाडाला मे महिन्यात जाऊन पाहावे. गर्द लाल फुलांच्या पाकळ्या उन्हात कडेने करपतात. फार भरगच्च फुले पावसात न उमलताच कुजतात. गुच्छाने येणारी, मध्यम पाकळ्यांची जात येथे अधिक निभावते. जागा पूर्वेची हवी. सकाळचे पाच-सहा तास ऊन मिळावे, आणि चैत्रापासून दुपारी सावली यावी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात पाणी धरून मुळे कुजविते, म्हणून वाळू व शेणखत मिसळून वाफा वीतभर उंच करावा. छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. उन्हाळ्यात बुडाशी गव्हाची काड पसरावी.

ज्यांच्या अंगणात दिवसभर ऊन तापते, त्यांनी बोगनवेल, सदाफुली व चाफा लावावा. बोगनवेलीला पाणी जास्त झाले तर पानेच माजतात. कण्हेरही उन्हाला खंबीर, पण ती विषारी. लेकरे-गुरे असतील तेथे नको. कडुनिंबाखाली किंवा जुन्या शहरातील अरुंद चौकात गुलाबाचा हट्ट धरू नये. तेथे तगर व अबोली अर्ध्या सावलीत फुलतात, आणि तगरीची पांढरी फुले पूजेलाही चालतात. ऐशबाग, बागमुगालिया, बाग फरहत-अफजा ही मोहल्ल्यांची नावे सांगतात की या शहराने बागा पुष्कळ पाहिल्या. मात्र त्या मोकळ्या जमिनीवरच्या बागा होत्या. आपल्या वाट्यास गच्ची आली आहे.

आमचे ते सहावे झाड आता पूर्वेच्या ओसरीपाशी जमिनीत आहे. मावा येतो, तेव्हा शेंडे नुसत्या पाण्याने हलकेच धुतो. काही पाने जातात, ती जाऊ देतो. फूल लहान येते, सुगंध मोठा येतो, आणि सौ. ते स्वतः खुडून नेतात. ऑक्टोबरात छाटणी झाली की काड्या निघतील. ज्या सभासदांना हव्या असतील त्यांनी आमच्या पेढीवर निरोप ठेवावा. मोल घेणार नाही.