सॅट परीक्षेतले अवघड शब्द

अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या ‘सॅट’ परीक्षेत इंग्रजी शब्दांचे ज्ञान पहिल्या दिवसापासून तपासले गेले आहे. कॉलेज बोर्डाने ती प्रथम घेतली २३ जून १९२६ रोजी. सुमारे आठ हजार विद्यार्थी बसले होते. प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या त्या प्रश्नपत्रिकेत व्याख्या, विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांमधील नाते असे वेगवेगळे भाग होते. शब्दसंग्रहावरून बुद्धी मोजता येते, ही त्यामागची समजूत. पण मुलाचे शब्द घरातल्या पुस्तकांवर आणि माणसांच्या बोलण्यावरही ठरतात. धावपटूचे मॅरेथॉनशी जे नाते, तेच कोणाचे कशाशी, असा एक गाजलेला प्रश्न होता. उत्तर होते: वल्हे मारणाऱ्याचे ‘रेगाटा’शी, म्हणजे नौकाशर्यतीशी. श्रीमंतांच्या क्लबांमधला हा शब्द गरीब वस्तीतल्या मुलाच्या कानावर पडणार कुठून? परीक्षेच्या पक्षपातीपणाचा दाखला म्हणून या प्रश्नाचे नाव पुढे वर्षानुवर्षे घेतले गेले.

शब्दांवरचे सुटे प्रश्न मग एकेक करून गेले. १९९४ मध्ये विरुद्धार्थी शब्द वगळले, २००५ मध्ये शब्दजोड्या, आणि २०१६ मध्ये वाक्यातील गाळलेल्या जागाही. संगणकावरची नवी परीक्षा अमेरिकेबाहेर २०२३ पासून आणि अमेरिकेत २०२४ पासून सुरू झाली. तीत पंचवीस ते दीडशे शब्दांचे छोटे उतारे असतात. काही उताऱ्यांत रिकाम्या जागी नेमका बसणारा शब्द निवडायचा असतो, तर काहींत अधोरेखित शब्दाचा तिथला अर्थ ओळखायचा असतो. गाळलेली जागा अशी परत आली, पण आता तिच्याभोवती पुरेसा संदर्भ असतो. हजारो शब्दांच्या याद्या घोकण्याचा उद्योग मात्र अजून थांबलेला नाही. याद्या विकणे सोपे असते, हेही त्याचे एक कारण असावे.

खरी अडचण अनोळखी शब्दापेक्षा ओळखीच्या शब्दाच्या अनोळखी अर्थाने जास्त होते. ‘क्वालिफाइड’ म्हणजे पात्र, हे सर्वांना ठाऊक असते. पण पाठिंबा ‘क्वालिफाइड’ असेल तर तो हातचे राखून, अटी घालून दिलेला असतो. ‘चॅम्पियन’ क्रियापद म्हणून आला की एखाद्या मताचा हिरिरीने पुरस्कार करणे. कर्ज ‘सँक्शन’ झाले असे सर्रास म्हणणाऱ्या मराठी घरातल्या विद्यार्थ्याला त्याच शब्दाचा ‘निर्बंध’ हा अर्थ बातम्यांतून वेगळा शिकावा लागतो. म्हणून शब्दाचा पहिला अर्थ सापडताच शब्दकोश मिटू नये.

लॅटिन आणि ग्रीक मूळ घटक ओळखता आले की शब्द गटाने लक्षात राहतात. ‘लोक्वी’ म्हणजे बोलणे. त्यावरून बडबड्यासाठी ‘लोक्वेशस’, वक्तृत्वसंपन्न माणसासाठी ‘एलोक्वंट’ आणि नाटकातल्या स्वगताला ‘सोलिलोक्वी’. ‘बेने’ चांगल्याचा आणि ‘मॅल’ वाइटाचा सूचक. मात्र मुळे फसवतातही. ‘पेडेस्ट्रियन’मधला ‘पेड’ लॅटिन पायाचा आहे, तर ‘पेडॅगॉग’मधला ग्रीक मुलाचा. शिवाय चालणाऱ्याला लावला जाणारा ‘पेडेस्ट्रियन’ लेखनाला लावला की त्याचा अर्थ रटाळ, सामान्य असा होतो. तो मुळावरून कळत नाही, वाक्यातूनच कळतो.

अर्थाइतकीच छटा महत्त्वाची असते. ‘फ्रुगल’ आणि ‘स्टिंजी’ दोघेही पैसा कमी खर्च करतात, पण पहिला काटकसरी आणि दुसरा चिक्कू. उताऱ्याचा सूर कौतुकाचा असेल तर दुसरा शब्द तिथे बसणार नाही. यादीत समानार्थी म्हणून शेजारी छापलेले शब्द इथेच घात करतात.

राहिला प्रश्न लक्षात ठेवण्याचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग मंदावते, असे त्यांना आढळले. त्यामुळे एका बैठकीत शंभर शब्द रटण्यापेक्षा अंतर वाढवत केलेली उजळणी फायद्याची ठरते. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ च्या पुस्तकात यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली: उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा परत पाहिली जाते, चुकले की पहिल्या कप्प्यात येते. आजची अनेक अ‍ॅप याच कल्पनेवर चालतात. चिठ्ठीवर अर्थाबरोबर तो शब्द जिथे भेटला ते वाक्यही उतरवावे. अशी वाक्ये विज्ञानलेख, इतिहास, जुन्या कादंबऱ्या यांतून मिळतात, आणि परीक्षेतले उतारेही साधारण अशाच विषयांचे असतात.

प्रत्यक्ष परीक्षेत चारही पर्याय आधी झाकून रिकाम्या जागी स्वतःचा शब्द घालून पाहण्याची सवय उपयोगी पडते. तो साधा असला, अगदी मराठी असला तरी चालतो. त्याच्या अर्थाच्या आणि छटेच्या सर्वांत जवळचा पर्याय मग शोधायचा. वजनदार दिसतो म्हणून निवडलेला पर्याय पुष्कळदा चुकीचा निघतो.