सिम्प्युटरवर गिट चालेल का?

बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे अभियंते यांनी २००१मध्ये सिम्प्युटर हा हातात मावणारा संगणक दाखवला. २०६ मेगाहर्ट्‌झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, लिनक्स, आणि यंत्राचा आराखडाही खुला! आज त्याच्यासाठी प्रोग्राम लिहायला बसलं तर पहिली अडचण गिटची, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनाची. इतक्या जुन्या लिनक्ससाठी तयार गिट मिळत नाही. मग आपणच एक छोटं लिहावं, आणि ते जमण्यासारखं आहे.

कारण गिटचा गाभा फार लहान आहे. गिट फाइलच्या मजकुरातून शा-१ या सूत्राने ४० चिन्हांचा ठसा काढतं आणि त्या ठशानेच मजकूर ओळखतं. रिकामी फाइल घ्या. 'ब्लॉब ०' आणि त्यापुढे एक शून्य बाइट, एवढ्याचाच ठसा काढायचा. तो 'ई६९डीई२९'ने सुरू होतो. जयनगरात काढा नाहीतर जपानात, फरक पडत नाही. फोल्डर म्हणजे नावं आणि ठशांची यादी, तिचाही ठसा. कमिट म्हणजे एका टप्प्याची नोंद; तिच्यात फोल्डरचा ठसा, आधीच्या कमिटचा ठसा, लिहिणाऱ्याचं नाव, वेळ आणि संदेश. कुठे एक अक्षर बदललं की वरपर्यंतचे ठसे बदलतात, त्यामुळे लबाडी लपत नाही.

ठशांवर ठसे रचण्याची ही युक्ती राल्फ मर्कल यांची. त्यांनी १९७९मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते १९८२मध्ये मिळालं. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्‌स यांनी एप्रिल २००५मध्ये काही दिवसांत गिट उभं केलं, त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण मर्कल यांचं नाव रोज गिट वापरणाऱ्या कितीतरी जणांच्या कानावरही आलेलं नसतं, याची मला खंत वाटते.

आता छोट्या यंत्राचं गणित. सगळा इतिहास उतरवायचा नाही, फक्त शेवटचं कमिट मागायचं; गिटमध्ये तशी सोय आहे. गिट मजकूर दाबून साठवतं; तो उलगडताना मागचे ३२ किलोबाइट हाताशी असले की पुरतं. खरी अडचण वेगळीच. लोक आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटहब या संकेतस्थळाने मार्च २०२२मध्ये सांकेतिकरण नसलेली जुनी वाट बंद केली. आधुनिक सांकेतिकरणाचा कोड आपल्या छोट्या गिटहून कितीतरी मोठा, म्हणजे पेटीपेक्षा कुलूप जड. त्यावर उपाय, घरातला लॅपटॉप मध्ये ठेवायचा: इंटरनेटशी तो बोलेल, आणि सिम्प्युटर घरच्या जाळ्यावर साध्या वाटेने त्याच्याकडून कोड घेईल.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा प्रकल्प जरूर घ्यावा. गिटच्या आज्ञा पाठ करून जे कळत नाही, ते पहिलं कमिट स्वतःच्या कोडने लिहिताना कळतं.