पुस्तके सत्तावीस, दिवस दीडशे

२०२३ सालची गोष्ट. आमच्या परिचयाचे एक शिक्षक आपल्या मुलीला घेऊन घरी आले. मुलगी किर्गिझस्तानातून वैद्यकीय पदवी घेऊन परतलेली. भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी होण्यासाठी तिला एक परीक्षा उत्तीर्ण होणे भाग होते. पहिल्या प्रयत्नात ती नापास झाली होती. हातात पुस्तकांची यादी होती. आम्ही मोजली, तर सत्तावीस पुस्तके! काही मैत्रिणींनी सुचवलेली, काही वरच्या वर्गातल्या मुलांनी दिलेली. "यांतली कोणती वाचू?" असा तिचा प्रश्न होता.

आम्ही डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत काम करणारे आहोत. त्यामुळे पुस्तकांच्या गुणदोषांवर बोलण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. पण साधने कशी निवडावीत, हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सोडवता येतो. तो कसा, ते पाहू.

आधी परीक्षा समजून घेऊ

परदेशात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी २००२ सालापासून ही चाचणी परीक्षा घेतली जाते. वर्षातून दोनदा होते. १५० प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका, म्हणजे एकूण ३०० प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. ३०० पैकी १५० गुण मिळाले की उत्तीर्ण. ऐकायला सोपे वाटते, पण अलीकडच्या बहुतेक परीक्षांत एक तृतीयांश विद्यार्थीही उत्तीर्ण झालेले नाहीत.

हे ३०० गुण विषयांमध्ये सारखे वाटलेले नाहीत. शरीररचनाशास्त्राला १७, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राला ३०, सामुदायिक आरोग्याला ३०, तर भूलशास्त्राला ५. आमच्या या विद्यार्थिनीने पहिल्या खेपेस शरीररचनेवर दोन महिने घालवले होते आणि सामुदायिक आरोग्यावर चार दिवस! विषय अवघड म्हणून जास्त वेळ, असा तिचा हिशेब. तो चुकीचा होता असे नाही, अपुरा होता. यादीतली निम्मी पुस्तके तिला आवडणाऱ्या तीन-चार विषयांचीच होती.

पन्नास टक्के म्हणजे किती?

आता थोडे गणित. समजा, एखाद्याने काहीही न वाचता सर्व उत्तरे अंदाजाने दिली. चारांत एक बरोबर येणार, म्हणजे सरासरी ७५ गुण. संभाव्यतेच्या नियमांनुसार अशा शंभर जणांपैकी सुमारे ९५ जणांचे गुण ६० ते ९० च्या दरम्यान असतील. नशिबावर १५० पर्यंत पोचणे जवळजवळ अशक्य.

पण दुसरी बाजू पाहा. एखाद्याला १०० प्रश्नांची उत्तरे पक्की माहीत आहेत आणि उरलेली २०० त्याने अंदाजाने दिली. त्या २०० पैकी सुमारे ५० बरोबर येतील. एकूण गुण १५०! म्हणजे सराव-परीक्षेत पन्नास टक्के पडले, तरी खरे ज्ञान एक तृतीयांशच असू शकते. म्हणून सराव करताना प्रत्येक उत्तरापुढे 'खात्री' की 'अंदाज' अशी खूण करावी. अंदाजाने बरोबर आलेले उत्तर हे न आलेलेच समजावे. असे केले तरच सराव-संच आपली खरी स्थिती दाखवतो.

वाचले म्हणजे आले का?

सत्तावीस पुस्तकांमागे एक समजूत होती: जितके जास्त वाचू तितके जास्त लक्षात राहील. ही समजूत तपासणारा एक सुंदर प्रयोग रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना विज्ञानविषयक छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल ते लिहिले. पहिल्या गटाचे वाचन सरासरी चौदा वेळा झाले, दुसऱ्याचे जेमतेम साडेतीन वेळा.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्या गटाला ८३ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्या गटाला ७१ टक्के. पण आठवड्यानंतर? वाचणारा गट ४० टक्क्यांवर घसरला आणि आठवून लिहिणारा गट ६१ टक्क्यांवर राहिला. गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्या गटालाच अधिक होती.

यावरून काय दिसते? वारंवार वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. रस्त्यात रोज दिसणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखीचा असतो, पण नाव विचारले तर सांगता येत नाही, तसेच हे. आठवण्याचा प्रयत्न ही केवळ स्मरणाची मोजणी नसते. त्या प्रयत्नानेच स्मरण पक्के होते.

विसरण्याचा उपयोग

एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली विस्मरणाचा आलेख मांडला. विसरणे सुरुवातीला वेगाने होते, मग मंदावते. म्हणून उजळणी एकाच दिवशी दहा वेळा करण्यापेक्षा अंतर ठेवून, वाढत्या अंतराने करणे फायद्याचे.

हे तत्त्व जर्मनीतील विज्ञान-पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात एका खोक्यात बसवले. खोक्याला पाच कप्पे. चिठ्ठीच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर आले तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकले तर पहिल्या कप्प्यात परत. पहिला कप्पा रोज, पुढचे अधिकाधिक दिवसांनी उघडायचे. न येणारे वारंवार समोर येते, येणारे क्वचित. संगणकावरील 'अँकी'सारख्या आज्ञावली हेच काम करतात. पण चपलांचे रिकामे खोके आणि पाठकोऱ्या कागदांवरही ते तितकेच चांगले होते.

मग निवड कशी केली?

प्रथम आम्ही भागाकार केला. सत्तावीस पुस्तकांची मिळून सुमारे बारा हजार पाने. हाताशी दिवस दीडशे. रोज ऐंशी पाने, तीही एकदाच, आणि उजळणीला शून्य दिवस! यादी तिथेच बाद झाली. मग चार नियम ठरवले.

एक, प्रत्येक विषयाला एकच आधारपुस्तक, तेही शक्यतो पूर्वी वाचलेले. दोन, एकच प्रश्नसंच. पण त्यात उरलेले तीन पर्याय का चूक, हेही समजावलेले असावे. नुसती उत्तरांची यादी उपयोगाची नाही. तीन, छपाईचे साल पाहावे. तोंडाने देण्याच्या पोलिओ लसीत एप्रिल २०१६ पर्यंत विषाणूचे तीन प्रकार होते, नंतर दोनच राहिले. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचे नाव २०२० साली बदलले. जुना संच अशा ठिकाणी चुकीचे उत्तर पक्के करतो. चार, वेळ गुणांच्या प्रमाणात वाटावा आणि त्यातला निम्मा आठवण्यासाठी ठेवावा.

सत्तावीसमधील अठरा पुस्तके मैत्रिणींकडे परत गेली. मुलीला ते जड गेले. न वाचलेल्या पुस्तकात नेमका प्रश्न असेल, ही भीती खरीच असते. पण वाचून विसरलेले पान आणि न वाचलेले पान, परीक्षेत दोन्हींची किंमत एकच.

त्या खेपेस ती थोडक्यात हुकली, पुढच्या खेपेस उत्तीर्ण झाली. अर्थात, एका उदाहरणाने पद्धत सिद्ध होत नाही. पद्धतीचा आधार वर सांगितलेले प्रयोग हाच आहे. आणि प्रश्न केवळ परीक्षेचाही नाही. मध्यरात्री तापाने फणफणलेले मूल समोर येते, तेव्हा औषधाची मात्रा डॉक्टरला आठवावीच लागते. ओळखीची वाटून चालत नाही.

आपल्या दहावीच्या वर्गातही गाइडे आणि अपेक्षित प्रश्नसंच यांचा ढीग असतोच. एक प्रयोग करून पाहा. एक धडा निम्म्या वर्गाला दोनदा वाचू द्या. उरलेल्यांना एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल ते लिहू द्या. आठवड्याने, न सांगता, दोघांची चाचणी घ्या. आकडे फळ्यावर मांडा आणि निष्कर्ष मुलांनाच काढू द्या.