मशीन मेलं, फाईल जिवंत

परवा रात्री अकराच्या सुमाराला आमच्या धाकट्या बंधुराजांनी घर डोक्यावर घेतलं. तो बीसीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. तासभर खपून त्यानं प्रोग्रॅम लिहिला आणि 'रन' करायला कंट्रोल आणि एफ-नाईन दाबलं. प्रोग्रॅम काही रन झाला नाही, अख्खी निळी खिडकीच गायब झाली. सेव्ह केला होतास का, असं विचारलं तर म्हणतो, "रन झाल्यावर करणार होतो की!"

खरं सांगायचं तर चूक त्याची नव्हती. टर्बो सी++ मध्ये कंट्रोल-एफ-नाईन म्हणजे प्रोग्रॅम चालवा. पण हे टर्बो सी ज्या डॉसबॉक्स नावाच्या डब्यात बसून चालतं, त्या डॉसबॉक्समध्ये त्याच दोन बटणांचा अर्थ 'दुकान बंद करा' असा होतो. दोन मालकांचा एकच नोकर, आणि बाहेरच्या मालकाची हाक आधी ऐकू येते! काही रेडिमेड पॅकेजमध्ये हे बटण बदलून दिलेलं असतं, त्याच्याकडच्यात नव्हतं. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी हा मार खाल्ला असणार.

म्हणजेच मंडळी, 'इम्युलेशन' हा शब्द कधी ऐकला नसला तरी तुम्ही ते केलेलं आहे. टर्बो सी++ हे बोरलँड कंपनीचं, 1990 साली आलेलं बाळ. म्हणजे आपल्यापेक्षा वयानं मोठं. ते डॉसवर चालायचं, 16-बिटच्या जमान्यात. आजचं 64-बिट विंडोज असे प्रोग्रॅम थेट उघडतच नाही, सरळ नकाराची पाटी दाखवतं. मग मध्ये डॉसबॉक्स येतो. 2002 पासून फुकट मिळणारा हा प्रोग्रॅम म्हणजे पक्का बहुरूपी. तो टर्बो सी समोर जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेऊन उभा राहतो. जुना प्रोसेसर, जुनं व्हीजीए कार्ड, जुनं साउंड ब्लास्टर, सगळं तोच. आत बसलेल्या प्रोग्रॅमला वाटतं आपण नव्वद सालातच आहोत. इतकंच काय, पूर्वीची मशीनं हळू असायची म्हणून हा बहुरूपी मुद्दाम दमानंही चालतो. नाहीतर जुन्या गेममधला माणूस आजच्या प्रोसेसरवर डोळ्याचं पातं लवायच्या आत खड्ड्यात पडेल.

आता कॉलेजात अजून टर्बो सी शिकवावं का, यावर भांडण जुनंच आहे. माझं मत विचाराल तर नको. भावानं तोच प्रोग्रॅम पुन्हा लिहिला, फॅक्टोरिअल काढायचा. सातपर्यंत उत्तर बरोबर आलं, 5040. आठचं आलं उणे 25216! आठचं खरं उत्तर 40320. पण 16-बिटच्या दुनियेत साधा पूर्णांक 32767 च्या पुढं जातच नाही, मीटर फिरून उणेत येतो. शिवाय सी++ चं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं 1998 साली, टर्बोनंतर कितीतरी वर्षांनी. त्यामुळं इथं लिहिलेला कोड नोकरीच्या ठिकाणच्या कंपायलरवर टाकला की पहिल्या ओळीपासून तक्रारी सुरू. जुनं जपणं वेगळं आणि जुन्यात मुलांना कोंडणं वेगळं.

असो. हा लेख टर्बो सीवर नाही. हा सगळा गोंधळ चालू असताना आमचे आजोबा कॉटवर बसून निळ्या स्क्रीनकडं टक लावून बघत होते. बहुरूप्याची गोष्ट मी त्यांनाच समजावून सांगत होते. ते म्हणाले, "मग माझं पुस्तक उघडतंय का बघ की त्यात."

ती यादी

आजोबा प्राथमिक शिक्षक. भुदरगड तालुक्यातल्या एका गावात त्यांनी बरीच वर्षं काढली. निवृत्तीनंतर 2001 मध्ये त्यांनी त्या शाळेवर एक छोटं पुस्तक स्वखर्चानं छापून घेतलं. शाहूपुरीतल्या एका डीटीपीवाल्या काकांनी ते पेजमेकरमध्ये लावलं होतं. हिशेब चार फॉर्मचा, म्हणजे 64 पानांचा. मजकूर झाला जास्त. पाचवा फॉर्म परवडणारा नव्हता, म्हणून शेवटच्या क्षणी काही भाग उडवला. त्यात एक यादी होती. त्या गावात सातवी पास झालेल्या पहिल्या मुलींची नावं, आडनाव आणि वर्षासकट.

आजोबांच्या मनाला ते कायम टोचत राहिलं. "बाकी सगळं माझं कौतुक छापलं आणि पोरींची नावं तेवढी राहिली," हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. हस्तलिखित होतं, पण ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी आमच्या खालच्या खोलीत छातीइतकं आलं. हस्तलिखित गेलं, पुस्तकाच्या उरलेल्या प्रतीही गेल्या. एक प्रत नातेवाईकांकडं मिळाली, पण तिच्यात यादी नव्हतीच.

मला वाटत होतं, उडवलेला मजकूर म्हणजे उडवलाच. तरी रविवारी काकांकडं गेले. आता ते डीटीपी करत नाहीत, झेरॉक्स आणि लॅमिनेशन करतात. म्हणाले, "अगं, ते मशीन कवाच गेलंय. पण डबडं ठेवलंय माळ्यावर. महापुरात मी गल्ला नाही उचलला, आधी सीपीयू उचलला!" त्या सीपीयूत शाहूपुरीतल्या किती पतसंस्थांचे अहवाल, किती लग्नपत्रिका, किती मंडळांच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिका असतील कोण जाणे.

सीपीयू चालू होत नव्हता. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून फुटले होते. पण हार्डडिस्क बरी होती. जुन्या रुंद पट्टीच्या केबलची डिस्क यूएसबीला जोडणारं एक कन्व्हर्टर मिळतं, ते लावल्यावर ती घरघरली आणि लॅपटॉपवर फोल्डर दिसायला लागले. त्यातच आजोबांच्या आडनावाची, पेजमेकर साडेसहाची फाईल होती. काकांनी टाळी दिली. मी फाईलवर डबल क्लिक केलं. लॅपटॉपनं विचारलं, ही कशानं उघडू?

पेजमेकर म्हणजे मुळात आल्डस कंपनीचं, 1985 सालचं. 1994 मध्ये ते अॅडोबीकडं गेलं. शेवटची मोठी आवृत्ती 2001 मधली सातवी, पुढं काम थांबलं. अॅडोबीचं इनडिझाईन काही वर्षं या जुन्या फायली उघडायचं, पण सीएस-सिक्सनंतर तेही बंद. म्हणजे मराठीत दहा-पंधरा वर्षं जे जे छापलं गेलं, त्याच्या मूळ फायली आजच्या साध्या मशीनला परक्या आहेत.

फॉन्टचं कोडं

आणि फाईल उघडली तरी पुढं दुसरं कुलूप आहे. आज आपण मोबाईलवर मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये. त्यात 'क' ला जगभर एकच नंबर. युनिकोडच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. त्याच वर्षी आपल्याकडं 'इस्की' हे भारतीय प्रमाणही ठरलं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलेलं 'जिस्ट' तंत्रज्ञान तर डॉसच्या काळातच कॉम्प्युटरमध्ये कार्ड बसवून भारतीय लिप्या दाखवत होतं. पण विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड नीट आलं ते विंडोज 2000 पासून, आणि छपाईच्या धंद्याला तेवढं थांबायला वेळ नव्हता.

मग जुगाड निघालं. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले फॉन्ट आले. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं तिथं इंग्रजी अक्षरच असतं, फक्त त्यानं मराठी सदरा घातलेला असतो. सदरा काढला की खाली टोप्या घातलेले 'ए', शेपट्या लावलेले 'सी' आणि उलटी प्रश्नचिन्हं. शिवाय श्री-लिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती, प्रत्येकाचा सदरा वेगळ्या मापाचा. एकाचा दुसऱ्याला बसत नाही. या जुगाडाला नावं ठेवायची माझी तयारी नाही. त्याच्याशिवाय त्या काळातलं मराठी छापलंच गेलं नसतं.

तर मग करायचं काय? जुनं मशीन पुन्हा उभं करायचं, पण लॅपटॉपच्या पोटात. मी व्हर्च्युअलबॉक्स वापरलं. हा डॉसबॉक्सचा चुलत भाऊ. डॉसबॉक्स प्रोसेसरचंही सोंग घेतो. व्हर्च्युअलबॉक्स प्रोसेसर आपलाच वापरतो, पण भोवतालची डिस्क, स्क्रीनचं कार्ड वगैरे मात्र खोटं मांडतो. काकांकडं एक्सपीची आणि पेजमेकरची मूळ सीडी होती, स्टिकरसकट. (जुनं झालं म्हणजे फुकट झालं, असं कायदा म्हणत नाही, हे लक्षात असू द्या. आणि एक्सपीची सुरक्षा 8 एप्रिल 2014 ला संपली, त्यामुळं आतल्या एक्सपीला इंटरनेट अजिबात जोडायचं नाही.)

लॅपटॉपच्या खिडकीत ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ आलं तेव्हा काका खुर्ची ओढून जवळ बसले.

फाईल उघडली. आधी पेजमेकरची पाटी आली, फॉन्ट सापडत नाही, दुसरा लावू का? आणि मग 64 पानं भरून कचरा. मराठी सॉफ्टवेअर टाकून बघितलं, तर ते लॉक मागायला लागलं. लॉक म्हणजे प्रिंटरच्या रुंद पोर्टला लावायचं आगपेटीएवढं खोकं. ते असेल तरच सॉफ्टवेअर चालायचं. काकांकडं खोकं होतं. माझ्या लॅपटॉपला तसं पोर्टच नाही! दोन तास गेले. शेवटी काकाच म्हणाले, "लॉक टाईप करायला लागतं गं. आपल्याला नुसतं बघायचंय न्हवं? जुन्या डिस्कवर फॉन्टचं फोल्डर असंल बघ." होतं. तिथले फॉन्ट उचलून आतल्या एक्सपीत टाकले, पेजमेकर बंद करून परत उघडला आणि पहिल्या पानावर आजोबांचं नाव उमटलं.

पण पानं तीच 64. यादी नाहीच. मी लॅपटॉप मिटायच्या बेतात होते. काकांनी माउस हातात घेतला आणि पान छोटं करत नेलं, छोटं, आणखी छोटं. पेजमेकरमध्ये पानाच्या भोवती मोकळी जागा असते, पेस्टबोर्ड म्हणतात तिला. लागेल-न लागेल तो मजकूर ऑपरेटर तिथं काढून ठेवतो. ते छापलं जात नाही, पण फाईलबरोबर राहतं. पानाच्या डाव्या अंगाला, कडेला सरकवून ठेवलेला एक उभा रकाना होता.

27 नावं.

काका म्हणाले, "मी कधी डिलिट करत नव्हतो. गुरुजी परत येऊन म्हणायचे, घाला."

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. छापील पुस्तक स्कॅन केलं असतं तर ही नावं मिळाली नसती. तेव्हाची पीडीएफ असती तरी नसती. ती दिसायला ज्या खिडकीत मजकूर लागला तीच खिडकी लागते. म्हणून जगात लोक जुने प्रोग्रॅमच जिवंत ठेवायच्या मागं आहेत. इंटरनेट अर्काइव्हनं जानेवारी 2015 मध्ये दोन हजारांवर डॉस गेम ब्राउझरमध्येच खेळता येतील असे ठेवले. त्यातला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आपल्या आधीच्या पिढीनं लॅबमध्ये सरांची नजर चुकवून खेळलेला आहे. 1989 च्या त्या गेमचा मूळ कोड त्याचा कर्ता जॉर्डन मेकनर यालाच सापडत नव्हता. 2012 मध्ये त्याच्या वडिलांना घरात फ्लॉपीचं एक खोकं सापडलं, त्यात तो निघाला. प्रत्येक खोक्याचं नशीब असं नसतं. काकांच्याच डब्यातल्या चार फ्लॉपींपैकी तीन वाचल्याच नाहीत, चुंबकीय थर गेला होता. इम्युलेटर मशीनचं सोंग घेईल, पण गेलेल्या डेटाचं सोंग कुणाला घेता येत नाही.

यादी युनिकोडमध्ये आणायचं काम बाकी होतं. ते करणारे कन्व्हर्टर मिळतात, पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं बरोबर उलटं. कन्व्हर्टर चुकला की वेलांटी शेजारणीच्या अक्षरावर जाऊन बसते. माझ्या यादीत 'शालिनी' आणि 'पार्वती' दोघी विस्कटल्या होत्या. सगळी नावं मी पेजमेकरच्या खिडकीशेजारी ठेवून हातानं जुळवली.

मोठ्या टायपात प्रिंट काढून आजोबांना दिली. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवून एकेक नाव मोठ्यानं वाचलं. अकराव्या नावाशी थांबले. मला वाटलं, गलबलून आलं असेल.

"पेन दे," म्हणाले. "हिचं वर्ष चुकलंय. ही 74 ला पास झाली, 75 ला नव्हे. तेव्हाच सांगितलं होतं मी त्याला."