इनामगावची वन्यजीव-वाहिनी

दूरदर्शन संचावर वन्यजीवांची वाहिनी लावली की बहुधा आफ्रिकेतला सिंह हरणामागे धावताना दिसतो. तो विद्यार्थ्यांच्या ओळखीचा. गावच्या माळावरचे खोकड मात्र अनोळखी. मग आदर्श वाहिनीने काय दाखवावे? उत्तरासाठी आपण शिरूर तालुक्यातील इनामगावला जाऊ.

घोड नदीकाठच्या या गावी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे ३,६०० ते २,७०० वर्षांपूर्वीच्या या वस्तीत गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांबरोबर सांबर, चितळ, काळवीट, ससा, मुंगूस, मगर, कासव यांचीही हाडे सापडली. अनेक हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. म्हणजे हे प्राणी खाल्ले जात असावेत. आज याच तालुक्यात बिबट्याची मादी उसाच्या फडात पिल्ले वाढवते. उंच, दाट उसात तिला जंगलासारखाच आडोसा मिळतो.

जमिनीचा वापर बदलला की तिथले प्राणीही बदलतात. ही गोष्ट सांगणारा कार्यक्रम आम्हाला शिकारीच्या थरारापेक्षा मोलाचा वाटतो.

वर्गात करून पाहा : मुलांना आपल्या गावच्या वाहिनीचे एका दिवसाचे वेळापत्रक आखू द्या. पहिला कार्यक्रम आजी-आजोबांनी पाहिलेल्या, पण आता न दिसणाऱ्या प्राण्यांचा असावा.